ऑर्केस्ट्रा माझ्या हातात होता

एप्रिल लागला की माझे हात शिवशिवतात. या महिन्यात लोकांना आंबे आठवतात, सुट्ट्या आठवतात, माहेर आठवतं. मला सूड आठवतो. बराचसा घेतलेला आणि थोडा घ्यायचा राहिलेला.

यंदाही एप्रिल आलाच आहे. कंपनीच्या बसची खिडकी सकाळीच दंडाला चटका देते. तळवडं मागे पडलं की ट्रेलरांच्या चाकांमागे पिवळी धूळ उठते आणि निघोजेपर्यंत दातांखाली करकरत राहते. आमच्या प्रेस शॉपच्या पत्र्याखाली पंखे गरम हवाच इकडून तिकडे ढकलत असतात. संध्याकाळी रहाटणीत उतरावं तर चौकात बांबू पडलेले, निळ्या पताकांची भेंडोळी सोडून पोरं शिडीवर चढलेली, आणि साउंडवाला एकाच शब्दाला लटकलेला: "हॅलो, हॅलो, चेक." जयंती जवळ आली. सुट्टीच्या दिवशी गाडी काढून प्राधिकरणाकडे गेलं की दुसरा एक फलक दिसतो. काळ्या पियानोचं चित्र, सोनेरी अक्षरं, वार्षिक मैफल. सुनेत्रा मॅडमचा पियानो क्लास. मी गाडी हळू करते, फलक नीट वाचते, आणि मग पुढे जाते. वाचल्याशिवाय जात नाही.

पत्रा दाबून गाड्यांचे पार्ट काढणाऱ्या या कारखान्यात मी प्लॅनिंग सांभाळते. कोणता पार्ट कोणत्या प्रेसवर, कधी, आणि ट्रक गेटवर लागायच्या आत तो तयार कसा, हे बघणं माझं काम. उशीर हा शब्द मला शिवीसारखा लागतो. अशा बाईनं दोन वर्षांपूर्वी भरल्या सभागृहात, स्टेजवर बसून, जाणूनबुजून उशीर केला. तो उशीर हाच माझा सूड होता.

कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि त्याच्यासमोर अख्खा ऑर्केस्ट्रा, हा प्रकार मी पहिल्यांदा मेथी निवडताना ऐकला. प्राचीनं, माझ्या मुलीनं, स्पीकर आणून फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "आई, बोलू नकोस. फक्त ऐक." सुरुवातीला त्यात पियानो नव्हताच. खालच्या सुरांत तंतुवाद्यं काहीतरी कुजबुजत होती, ठोक्याच्या जरा अलीकडे, जरा पलीकडे, अंधारात पाय चाचपत चालल्यासारखी. ते वाढत गेलं आणि अचानक सगळे एकदम उठले. सोमवारी सकाळी पहिली प्रेस सुरू होते, मग दुसरी, मग मोठी, आणि शेवटी जमीनच तळपायातून बोलायला लागते, तसं. आणि एवढा कल्लोळ होऊनही ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो पियानो गप्पच. मग सगळे थांबले आणि तो आला. मोठ्यानं नाही. एकटा, बारीक आवाजात, कोणाच्याच बोलण्याला उत्तर न देता आपलं काहीतरी सांगत. आणि ते सगळं दांडगं लटांबर मुकाट्यानं ऐकायला लागलं.

मला काही साक्षात्कार झाला नाही. मेथी तशीच राहिली आणि त्या दिवशी आम्ही पिठलं खाल्लं, एवढंच झालं. पण नंतर कित्येक दिवस शिफ्ट सुरू होताना मी प्रेस शॉपच्या दाराशी उगाच उभी राहायचे. एवढ्या आवाजात एक बारीक आवाज आपलं म्हणणं कसं टिकवत असेल, हा प्रश्न मला पडायला लागला होता. तो माझ्या कामाचाही प्रश्न होता. मीटिंगमध्ये मी एकटीच बाई असते.

आता, पूर्ण ऑर्केस्ट्रा पिंपरी-चिंचवडमध्ये आणायचा कुठून? क्लासमध्ये कॉन्चेर्टो बसवायची रीत अशी की दोन पियानो मांडायचे. पहिल्यावर मुख्य वाजवणारा. दुसऱ्यावर जो बसतो तो ऑर्केस्ट्रा. सगळी व्हायोलिनं, बासऱ्या, तुताऱ्या, नगारे त्याच्या दहा बोटांत. फलकावर त्याचं नाव नसतं. त्या मैफलीआधीची तीन वर्षं त्या दुसऱ्या पियानोवर मी बसत होते.

मी तिथे कशी पोचले, त्यातही विशेष काही नाही. माझे वडील, आबा, पिंपरीच्या एका कारखान्यात होते आणि सुटी मिळेल तेव्हा त्यांची गायन पार्टी. जयंतीच्या दिवसांत रोज एका वस्तीत कार्यक्रम. मी शाळेत असताना एकदा पेटीवाला आलाच नाही, म्हणून मला पेटीवर बसवलं. ते लग्न होईपर्यंत उठवलं नाही. पुढे पेटीचा कीबोर्ड झाला. प्राचीला पियानोच्या क्लासला घातलं तेव्हा तिला सोडून पार्किंगमध्ये घाम पुसत बसण्यापेक्षा मी आत जाऊन बसायला लागले आणि बसल्या बसल्या नोटेशन वाचायला शिकले. वाया जाणारा वेळ मला बघवत नाही. मॅडमना कळलं की मला हातही आहे आणि कानही. झालं. मुलांच्या परीक्षा आल्या, कार्यक्रम आले, की "छायाताई, तेवढं मागे वाजवाल ना?" वाजवत होते. माझी तक्रार नव्हती. साथ करणं ही कमीपणाची गोष्ट आहे असं मला कधीच वाटलं नाही. आमच्या पार्टीत ढोलकीवाल्याला आबा स्वतः आधी पाणी द्यायचे.

त्या वर्षी प्राची अकरावीत होती आणि वार्षिक मैफलीत तो कॉन्चेर्टो ती वाजवणार असं ठरलं होतं. दिवाळीपासून तयारी. घरी आमचा इलेक्ट्रिक पियानो, कानाला हेडफोन. त्यामुळे आम्हाला ऐकू यायचे ते फक्त पट्ट्यांचे ठोके. टप, टप, टपटपटप, लाकडी पाटावर कुणी बोटं आपटावीत तसे. जगातली एवढी मोठी गोष्ट आमच्या हॉलमध्ये मुकी होऊन राहायला आली होती. मी पोळ्या लाटायचे त्या ठोक्यांवर. माझा नवरा विलास म्हणायचा, "राव, घरात टायपिंगचा क्लास काढलाय का?" प्राचीच्या पाठीवरून मला कळायचं की आता गर्दी आली, आता ती एकटी आहे.

एकटी कुठे असते, ते सांगते. पहिल्या भागाच्या शेवटाकडे ऑर्केस्ट्रा एका अर्धवट सुरावर येऊन थांबतो, कुणासाठी दार उघडं धरून उभं राहावं तसा. तिथून पुढे पियानोला मोकळं रान. त्या जागेला कॅडेन्झा म्हणतात. ज्यानं हा कॉन्चेर्टो रचला त्याची त्या जागेसाठी लिहिलेली एक ओळसुद्धा मागे राहिलेली नाही. वाजवणाऱ्यानं तिथे आपलं घालावं, अशी जुनी पद्धत. नंतरच्या बड्या मंडळींनी आपापल्या कॅडेन्झा छापून ठेवल्या आहेत आणि बहुतेक जण त्यांतलीच एक उचलतात. प्राचीनं उचलली नाही. तिनं स्वतःची केली. आख्खा हिवाळा त्या एका जागेत घालवला, आणि त्यात मधोमध आबांची एक जागा आणून बसवली. कार्यक्रम सुरू करताना शब्दांच्या आधी आबा एक हाळी घालायचे: तीन पायऱ्या वर, एक अडखळ, आणि झपकन खाली. ती.

आबांना हेडफोन लावून ऐकवलं. कानात आवाज असल्यामुळे ते सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असे ओरडले, "अगं, ही तर माझी चाल हाय! पर हिला कोट कुणी घातला?"

"मी घातला, आबा. शोभतोय का?"

"शोभतोय की. फकस्त बटनं गच्च लावू नको. दम कोंडंल तिचा."

प्राचीनं खरोखरच दुसऱ्या दिवशी चार सूर कमी केले.

क्लासमध्ये तिनं ती सगळ्यांसमोर वाजवली. मॅडमनी डोळे मिटून ऐकली, फोनवर रेकॉर्ड केली, आणि म्हणाल्या, "गोड आहे गं. पण इथे... कसं सांगू, जरा मंडळाच्या गाडीवरचं वाटतं. तू आपली छापलेली वाजव." प्राचीचे कान लाल झाले. ती उठून बाजूला झाली. शिकवणाऱ्याचा तो हक्क आहे असं मी मनाशी म्हटलं, आणि त्या वेळी ते मला पटलंही होतं.

मार्चमध्ये परीक्षा संपल्या संपल्या मॅडमनी आम्हाला थांबवून घेतलं. चाकणच्या एका परदेशी कंपनीचे मोठे साहेब पाहुणे म्हणून येणार होते. "प्राची, बाळा, एवढं मोठं काम यंदा मीच वाजवते. पाहुण्यांसमोर रिस्क नको. तुला काय, आयुष्य पडलंय." मग माझ्याकडे वळून, अगदी प्रेमानं: "आणि छायाताई, ऑर्केस्ट्रा तुम्हीच. तुमच्याशिवाय कोण? साथ करणं तर तुम्हा लोकांच्या रक्तातच असतं."

त्या माझं कौतुक करत होत्या. तेच वाईट. शिवी दिली असती तर तिथल्या तिथे परत करता आली असती. कौतुकाला काय करणार? मी म्हटलं, "हो. वाजवते."

घरी विलास तापला. "नाही म्हणायचं ना सरळ."

"नाही म्हटलं की घरी बसावं लागतं. घरी बसून काही करता येत नाही."

"आणि तिथे जाऊन काय करणार? पियानो डोक्यात घालणार तिच्या?"

"बघते."

"जड असतो," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

प्राचीनं मात्र पियानोवर चादर टाकली. दोन दिवसांनी त्या चादरीवर इस्त्रीचे कपडे आले, मग कपड्यांवर हेल्मेट. ठोके बंद झाले. मी पोळ्या लाटत होते, पण लाटणं अडखळत होतं. पोरगी रडली असती, चिडली असती तर मी समजूत काढली असती. ती नुसती रसायनशास्त्राचं पुस्तक घेऊन खिडकीत बसायची. तिला वाजवायचं होतं आणि आता तिला वाजवायचं नव्हतं, आणि हे तिच्याकडून कुणी काढून घेतलं ते मला पक्कं ठाऊक होतं.

सुडाबद्दल लोक फार वाईट बोलतात. म्हणे तो आंधळा असतो, आपल्यालाच जाळतो. असेलही काहींचा. माझा नव्हता. मी रोज कामावरून आल्यावर हातपाय धुऊन, चहा घेऊन, इस्त्रीचे कपडे बाजूला करून तासभर ऑर्केस्ट्राचा भाग बसवायचे. इतकी चांगली तयारी मी आयुष्यात कशाचीच केली नव्हती. प्रेमानं माणूस सराव करतो हे खरं आहे, पण रागानं जास्त नियमित करतो.

तालमींत मॅडम जपून वाजवायच्या, आरामात, अवघड वळणावर गाडी दुसऱ्या गिअरवर घ्यावी तशा. मीही त्यांच्या चालीनं चालायचे. कॅडेन्झाची जागा आली की त्या हात वर करून म्हणायच्या, "हे मी बघून घेते. आपण शेवटच्या ट्रिलपासून धरू." मला वाटलं, छापलेली वाजवतील. माझा बेत साधा होता.

मैफलीच्या संध्याकाळी सभागृहात एसीपेक्षा अत्तर जास्त होतं. प्राची येणार नव्हती. आबांनी तिला ओढून आणलं. "आईला वाजवताना बघायला नगं व्हय?" दोघं तिसऱ्या रांगेत, विलास मागे दाराशी. मॅडम गर्द जांभळ्या साडीत. टाळ्या. मी माझ्या पियानोमागे.

कॉन्चेर्टोत ऑर्केस्ट्रा आधी सुरू होतो. मग लय कोण ठरवतं? ज्याला तुम्ही मागे बसवलंय तो. मॅडम एवढी वर्षं हे शिकवत होत्या, पण बहुधा त्यांच्या लक्षात राहिलं नसावं. मी मॅडमच्या चालीनं सुरू केलं नाही. मी प्राचीच्या पळत्या चालीनं सुरू केलं. ती मला सुरांनी माहीत नव्हती, ठोक्यांनी माहीत होती. मेथीच्या दिवशी ऐकलं होतं ते सगळं माझ्या हातांखाली यायला लागलं. आधी कुजबुज, मग ती चढत जाणारी भीती, मग सगळे एकदम. पेटीवर वाढलेल्या माझ्या डाव्या हातात त्या दिवशी कुठून बळ आलं, देव जाणे. पियानोच्या पायाखालची फळी थरथरत होती. मॅडमनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी नोटेशनकडे बघत होते.

मग मी थांबले आणि त्यांना शिरावं लागलं. त्याच चालीत. दुसरा रस्ताच नव्हता.

खोटं बोलणार नाही, त्यांनी ती चाल पेलली. घामाघूम होऊन, एकदोन ठिकाणी धापा टाकत, पण पेलली. चांगल्या वाजवतात त्या. मला कमअस्सल शत्रू मिळाला नाही याचा मला आजही अभिमान आहे. त्या बोलायच्या, मी अडवायचे. मी कोसळायचे, त्या उरायच्या. मधली काही मिनिटं अशी गेली की मी राग विसरले. त्या संगीतात एवढी ताकद आहे की ते दोन वैरिणींना एकाच जुवाला जुंपतं आणि नांगरून घेतं. मग मी त्या अर्धवट सुरावर येऊन थांबले, हात मांडीवर घेतले, आणि मॅडमनी कॅडेन्झा सुरू केली.

तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी नोटेशनवरून मान वर केली. ती छापलेली नव्हती. ते ठोके माझ्या ओळखीचे होते. आणि मग भरल्या सभागृहात, जांभळ्या साडीतल्या त्या हातांखालून, आबांची हाळी आली. तीन पायऱ्या वर, अडखळ, झपकन खाली. तिसऱ्या रांगेत आबांची मान ताठ झालेली मला दिसली. प्राचीकडे बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मंडळाच्या गाडीवरची म्हणून जी बाजूला ठेवायला लावली, ती ही. कार्यक्रमपत्रिकेत एका ओळीत छापलं होतं की कॅडेन्झा सुनेत्रा मॅडम यांची. ते मी तेव्हा वाचलं नव्हतं, नंतर वाचलं. पण पाहुण्यांकडे बघून त्या ज्या नम्रपणे हसल्या, त्यातच सगळं छापलेलं होतं.

कॅडेन्झाचा शेवट ट्रिलनं होतो. शेजारशेजारचे दोन सूर, भराभर, आळीपाळीनं, थरथरत ठेवायचे. ती ऑर्केस्ट्राला खूण असते: माझं झालं, आता या. ऑर्केस्ट्रा आला की वाजवणाऱ्याची सुटका. तो येईपर्यंत नाही.

ट्रिल सुरू झाली. माझे हात मांडीवर होते. मी ते तिथेच ठेवले.

आबांच्या पार्टीत एक नियम होता. दुसऱ्याचं गाणं गायचं तर गायचं, पण ज्याचं आहे त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नाव घेतल्याशिवाय ढोलकी उठायची नाही. काळेवाडीत एकदा एक पाहुणा गायक आबांचंच गाणं स्वतःचं म्हणून गायला लागला. ढोलकीवाल्या तुकाराममामांनी दोन्ही तळवे कातड्यावर दाबून धरले आणि आकाशाकडे बघत बसले. पाहुणा मुखडा घोळवतोय, घोळवतोय, लोक हसायला लागले, शेवटी त्यानं नाव घेतलं. मग ढोलकी अशी उठली की त्याच्याच अंगावर शहारे आले. माझं साथीचं शिक्षण हे असं झालेलं आहे. रक्तातून नाही आलं, मांडी घालून बसून घेतलंय.

मॅडमनी ट्रिल वाढवली. मग माझ्याकडे बघितलं. मी ओठ फारसे न हलवता म्हटलं, "नाव घ्या."

"काय?" ट्रिल चालूच.

"कुणाची आहे ती. नाव घ्या, मग येते."

"छायाताई, प्लीज."

"नाव."

दोन बोटं किती वेळ थरथरू शकतात? करून बघा. आधी मनगट आखडतं, मग कोपर, मग खांदा वर जायला लागतो. ट्रिल जाडसर झाली, अडकायला लागली. पुढच्या रांगेत साहेब मन लावून ऐकत होते. त्यांना हा प्रकार आवडला होता. मॅडमच्या कपाळावरची टिकली सरकली. मला घाई नव्हती. मला खरोखर, जन्मात पहिल्यांदा, अजिबात घाई नव्हती. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर त्यांनी नाव घेतलं असतं. माझी आजही खात्री आहे.

पण आबांना राहवलं नाही. ते उठले, पार्टीत घालायचे त्या आवाजात, माइकशिवाय: "ऐका मंडळी! आत्ता वाजली ती चाल प्राची विलास साळवे हिची हाय!" आणि माझ्याकडे हात करून, "हां, छाये. उचल!"

नाव घेतलं गेलं होतं. नियम तो नियम. मी शिरले. शिरले कसली, कोसळले. सगळी व्हायोलिनं, सगळ्या तुताऱ्या, सगळे नगारे. टाळ्या वाजल्या. साहेबांना वाटलं की आबांचं ओरडणंही त्या रचनेतच आहे. नंतर ते मुद्दाम येऊन आबांशी हस्तांदोलन करून गेले.

आतल्या खोलीत मॅडम मनगट चोळत होत्या. "एंट्री विसरलात का हो?"

"मी नाही. विसरलात तुम्ही."

"कॅडेन्झाला असं कोणी स्टेजवर नाव घेत नाही. आमच्यात तशी परंपरा नाही."

"आमच्यात आहे," मी म्हटलं आणि पर्स उचलली.

गाडीत मी आबांवर चिडले होते. ते नाव मला त्या बाईच्या तोंडून हवं होतं आणि या माणसानं माझ्या ताटातला अर्धा घास उचलला होता. "अगं, बोटं मोडली असती तिची," आबा म्हणाले. "मोडू द्यायची होती," मी म्हटलं. विलासनं गाडी चालवता चालवता रेडिओ लावला आणि माझ्याकडे बघून बंद केला.

मागून प्राचीचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी नीट वाक्यात. "आई, तू माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

"दोघींसाठी. सीट बेल्ट लाव."

तिनं बेल्ट लावला. मग म्हणाली, "ती ट्रिल चौथ्या-पाचव्या बोटानं करत होती. म्हणून अडकली. दुसऱ्या-तिसऱ्यानं करायची असते. मी क्लासमध्ये तशीच करून दाखवली होती, बघितलंसुद्धा नाही." तिच्या आवाजात जो तुच्छपणा होता तो ऐकून माझा जीव भांड्यात पडला. पोरगी जिवंत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्मेट खुंटीवर गेलं, कपडे कपाटात, चादर धुवायला. आणि हेडफोन काढून ठेवले गेले. आमच्या घरात कॉन्चेर्टोला पहिल्यांदा आवाज फुटला. खालचे काका वर आले. "वहिनी, किती दिवस चालणार हे?"

"दोनशे वर्षं चाललंय, काका. अजून थोडं चालेल."

क्लास अर्थातच सुटला. प्राची पुण्यात दुसऱ्या एका सरांकडे जायला लागली. मी निघोजे आणि रहाटणीच्या मध्ये पूर्वीसारखी ये-जा करू लागले. पण प्रेस शॉपच्या दाराशी उभं राहिलं की मला तो थांबलेला क्षण आठवतो आणि समाधान होत नाही. बाईंनी नाव घेतलं नव्हतं. आबांनी घेतलं होतं. मधल्या एका जयंतीत मी आबांना म्हणालेसुद्धा, "अजून राहिलंय माझं." ते म्हणाले, "काय राहिलंय? जेवण?" त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

गेल्या आठवड्यात फोन वाजला. आम्ही दोघी कलिंगड खात होतो. नाव बघून मी फोन स्पीकरवर टाकला आणि प्राचीला तोंडावर बोट ठेवून खूण केली.

"छायाताई, कशा आहात? बरं, यंदा तोच कॉन्चेर्टो घेतलाय. एक खूप हुशार मुलगी आहे, ती वाजवतेय. ऑर्केस्ट्राला तुमच्यासारखं कोणी मिळत नाही हो."

"बरं."

"आणि तिनं आपल्या मैफलीची ती जुनी रेकॉर्डिंग ऐकली, तर तिला कॅडेन्झा तीच हवीय. म्हणते, छापलेली नको. म्हटलं, एकदा तुम्हाला विचारावं."

"कोणती कॅडेन्झा?"

"तीच हो. तेव्हाची."

"कुणाची?"

मी कलिंगडाची बी काढून बशीच्या कडेला ठेवली. आणखी एक ठेवली. पलीकडे कुणीतरी मूल पियानोवर स्केल, म्हणजे सरगम, घासत होतं, वर जाऊन खाली येत होतं. मी थांबले. मला ते चांगलं जमतं.

"प्राचीची," मॅडम म्हणाल्या. "प्राची साळवेची."

मला वाटलं होतं की हे ऐकून अंगावरून काहीतरी उतरेल. कलिंगड गोड लागेल वगैरे. तसं काही झालं नाही. मी पुढचं वाक्य जुळवत होते, चांगलं झोंबेल असं, तेवढ्यात प्राचीनं ओला हात माझ्याच ओढणीला पुसून फोन जवळ ओढला.

"मॅडम, मी प्राची बोलतेय. वाजवू दे तिला. पण रेकॉर्डिंगवरून नको, त्यात चुका आहेत. मी येऊन बसवून देते. शनिवारी."

"अगं, येशील तू? वा! छान! मग मी तेवढ्या वेळात लहान मुलांचा क्लास..."

"नाही, तुम्ही पण बसा. तिच्या शेजारी. शेवटच्या ट्रिलची बोटं तुमची चुकतात, तिला तुम्ही तीच शिकवली असणार. दोघींना एकदमच दाखवते."

स्केल घासणारं मूल थांबलं होतं बहुतेक. मॅडम म्हणाल्या, "बरं. शनिवारी." आणि फोन ठेवला.

मी दोन वर्षं धार लावत बसले होते आणि पोरीनं आवाजही न चढवता ते करून टाकलं होतं. तिनं कलिंगडाची शेवटची फोड उचलली. मला विचारलंसुद्धा नाही.

"ऑर्केस्ट्रा तू वाजवशील ना?" तोंडात फोड असतानाच ती म्हणाली.

"बघू," मी म्हटलं. "शनिवारी मॅडम बसतात का ते येऊन सांग. मग ठरवते."